माल्वा पुडिंग की मेल्कटर्ट?

दक्षिण आफ्रिकेच्या घराघरांतली ही दोन गोडं. पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत सरळ माल्वाच्या बाजूने आहे.

माल्वा म्हणजे जर्दाळूचा जॅम घातलेला मऊ केक. मैदा, साखर, अंडी, दूध, थोडं लोणी, चमचाभर खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की वायू तयार होतो, म्हणून केक जाळीदार होतो. 180 अंशांवर साधारण 40 मिनिटं भाजायचा. खरी गंमत पुढे आहे: क्रीम, लोणी आणि साखरेचा गरम सॉस केक ओव्हनमधून काढल्याकाढल्या ओतायचा. केक गरम असतानाच तो सगळा सॉस पितो. इथे हात आखडता घेऊ नका; सॉस जास्त वाटला तरी पूर्ण ओता. गरमच वाढा, सोबत कस्टर्ड किंवा व्हॅनिला आइस्क्रीम.

मेल्कटर्ट मात्र थंड, सौम्य. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या डच वसाहतीतून आलेला हा दुधाचा टार्ट: लिटरभर दूध, अंडी, साखर, मैदा आणि कॉर्नफ्लोअर शिजवून पेस्ट्रीच्या, म्हणजे मैदा-लोण्याच्या खुसखुशीत, कवचात ओतायचं, वर दालचिनीची पूड. दूध सतत ढवळावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. पेस्ट्री जमत नसेल तर बिस्किटांचा चुरा आणि लोणी थापून तळ करा, तिथले लोकही करतात. ओव्हन नसलेल्यांनी हाच करावा. उन्हाळ्यात, आदल्या रात्री करून ठेवायला याच्यासारखं दुसरं नाही.