खग्रास पाहायला मुंबईहून जायचं तर कुठे? लक्झर, जेद्दा, काडीझ की सिडनी

२२ जुलै २००९. पहाटे साडेपाचला मी सुरतेत तापीच्या काठावर उभी होते. आदल्या रात्री बोरिवलीहून गाडी पकडून आम्ही सातजण गेलो होतो. या शतकातलं सर्वांत लांब खग्रास सूर्यग्रहण, कमाल ६ मिनिटं ३९ सेकंद, त्यातली तीनेक मिनिटं सुरतेच्या वाट्याला. वर आषाढातलं आभाळ, एकसंध राखाडी, फट नाही. सहा वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास अंधार पडला. पुलावरचे नुकतेच विझलेले दिवे परत लागले. शेजारचा चहावाला स्टोव्हला पंप मारत होता, त्याचा हात थांबला. कावळे उडाले, ओरडले आणि झाडावर जाऊन गप्प बसले. मग उजाडलं. सूर्य काही दिसला नाही. परतीच्या गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब त्या सकाळीच शिकले. ग्रहण पाहायचं ठिकाण निवडताना बहुतेक जण आधी मिनिटं बघतात. मी आता आधी ढग बघते.

आता पुन्हा निवड करायची वेळ आली आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. हे ग्रहण २००९च्याच ग्रहणाचं पुढचं भावंड आहे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी १८ वर्षं ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात, त्याला सारोस चक्र म्हणतात. त्या वरच्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून २००९ला भारत-चीनवरून गेलेली सावली या वेळी पश्चिमेला सरकून उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून जाणार. कमाल अवधी ६ मिनिटं २३ सेकंद. दोन्ही तारखा आषाढ अमावास्येच्या, आपल्या दिव्यांच्या अवसेच्या.

आधी सर्वांत स्वस्त पर्यायाचं बोलते: कुठेच जायचं नाही. त्या दिवशी दुपारनंतर मुंबईतूनही ग्रहण लागतं, पण खंडग्रास, आणि ते ऑगस्टच्या पावसात. "थोडंफार दिसेल की" असं म्हणणाऱ्यांना मी २००९ची मुंबई आठवायला सांगते. त्या दिवशी इथे नव्वद टक्क्यांहून जास्त सूर्य झाकला गेला होता. ढग नसते तरी प्रभामंडळ, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवती दिसणारं त्याचं फिकट वलय, दिसलं नसतं. सूर्याची बारीकशी कोर उरली तरी तिचा झगमगाट एवढा असतो की प्रभामंडळ त्यात बुडून जातं. ते साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकंच तेजस्वी असतं. नव्व्याण्णव टक्के आणि शंभर टक्के यांत एका टक्क्याचा नाही, दिवस आणि रात्रीचा फरक आहे. म्हणून खग्रास पट्ट्याच्या आत जायचं, आणि काठावर न थांबता जमेल तेवढं मध्यरेषेजवळ जायचं.

लक्झर

कमाल अवधी इजिप्तमध्ये लक्झरच्या परिसरातच आहे. शहरातून ६ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास, तिथल्या घड्याळात दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साडेतीन. एवढी मिनिटं कशी? ऑगस्टच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून अजून लांबच असते, त्यामुळे सूर्याचं बिंब जरा लहान दिसतं. चंद्र त्या सुमारास पृथ्वीच्या जवळ असल्याने मोठा दिसतो. आणि ग्रहण भर माध्यान्हीला, उष्ण कटिबंधाच्या जवळ लागतं, तिथे पृथ्वीचा पृष्ठभाग सावलीच्याच दिशेने वेगाने फिरत असल्याने सावली माथ्यावर जास्त वेळ रेंगाळते. तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं दुर्मीळ.

पण लक्झरची खरी श्रीमंती मिनिटांत नाही, आभाळात आहे. दक्षिण इजिप्तमध्ये ऑगस्टात पाऊस जवळजवळ नसतोच आणि ढगही क्वचित. सुरतेहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला आणखी काय हवं?

त्याची किंमत ऊन. ऑगस्टात लक्झरचं दुपारचं तापमान सहज चाळिशी ओलांडतं. कोरडी हवा, त्यामुळे मुंबईसारखा घाम निथळत नाही आणि पाणी कमी पडतंय हे कळतही नाही. खंडग्रास सुरू झाल्यापासून खग्रासपर्यंत दीडेक तास जातो, तो उघड्यावर उभं राहून काढण्यासारखा नाही. नाईलच्या पूर्वेला कर्नाकचं मंदिर आणि शहर आहे, पश्चिमेला राजांची दरी. चित्र म्हणून पश्चिम काठ मोह घालतो, पण ज्येष्ठ बरोबर असतील तर मी गच्ची आणि मागे थंड खोली असलेलं पूर्व काठावरचं हॉटेल घेईन. आणखी एक: सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८२ अंशांवर असेल. उभ्याने पाहिलं तर मान दुखून येईल. घरची चटई आणि उशी न्यायची आणि सरळ उताणं पडायचं.

मुंबईहून आधी कैरो, तिथून दक्षिणेला साडेसहाशे किलोमीटर. विमानाने तासभर, गाडीने रात्रभर. कैरो पट्ट्याच्या बाहेर आहे, हे ठळकपणे सांगते, कारण पिरॅमिडमागचं ग्रहण डोळ्यांसमोर आणून कैरोचंच बुकिंग करणारे मला भेटले आहेत. शाकाहाऱ्यांनी जेवणाची चिंता करू नये. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा, आणि तामेया म्हणजे वालासारख्या कडधान्याचे वडे. आपल्या जिभेला दोन्ही परके वाटत नाहीत.

जेद्दा

मुंबईहून थेट विमान, पाचेक तास. सुमारे ६ मिनिटांचं खग्रास आणि शहर पट्ट्याच्या बरंच आत, म्हणजे विमानतळावर उतरून पुढे कुठे जायला नको. नातेवाईक नोकरीला असतील तर राहण्याचाही प्रश्न सुटला. तिथूनच मक्का जवळ, तिथेही खग्रास ५ मिनिटांहून जास्त आहे, पण तो रस्ता फक्त मुस्लिम यात्रेकरूंसाठी. ज्यांना जायचं आहे त्यांना उमरा आणि ग्रहण एकाच प्रवासात साधता येईल, आणि मला वाटतं ते फार सुंदर होईल.

लक्झरच्या तुलनेत जेद्दा कमी पडतं ते हवेत. तांबड्या समुद्राची दमट उष्णता आणि धुळीने पांढुरकं झालेलं आभाळ. ग्रहण त्यातूनही दिसतं, पण प्रभामंडळाचे लांब, बारीक धागे धुळकट हवेत विरतात. प्रवासाची सोय हीच पहिली अट असेल तर जेद्दा. बाकीच्यांनी कैरोची जास्तीची धावपळ पत्करावी.

ट्युनिशिया, लिबिया, येमेन आणि सोमालियाचं टोकही पट्ट्यात आहे. त्यांतल्या तीन ठिकाणी घरच्यांना घेऊन जा असं मी आज म्हणणार नाही. ट्युनिशियातलं स्फाक्स चांगलं आहे, पण मुंबईहून तेवढं लांब जायचं तर पुढे स्पेन गाठणं सोपं.

काडीझ, तारिफा, टँजियर

स्पेनच्या दक्षिण टोकाला ग्रहण सकाळी पावणेअकराच्या सुमारास लागतं. सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या मधे, आरामात पाहण्याजोगा. खाली समुद्र, हवा सोसवणारी. घरातल्या सगळ्यांना मानवणारं ठिकाण हेच. पण मिनिटं गावागावाला बदलतात: मालागात दोनाला थोडी कमी, काडीझमध्ये तीनच्या आतबाहेर, तारिफात साडेचारच्या वर. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे मोरोक्कोतल्या टँजियरला आणखी थोडी जास्त. सेव्हिल पट्ट्याच्या बाहेर पडतं, अगदी थोडक्यात, त्यामुळे फसगत व्हायची शक्यता तिथेच जास्त.

तारिफाची मिनिटं मोहात पाडतात, पण तो सामुद्रधुनीचा काठ आहे. पूर्वेचा दमट वारा सुटला की खालचे ढग आणि धुकं येतं, आणि सकाळी ते उठायला वेळ लागतो. मी काडीझकडचा, अटलांटिकचा किनारा निवडीन, दीड मिनिटाचं नुकसान सोसून, आणि आदल्या रात्री अंदाज बघून हलता येईल अशी भाड्याची गाडी हाताशी ठेवीन. स्पेनला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे फेब्रुवारी २०२७. त्या आठवड्यातच करायचा, एप्रिलपर्यंत ढकलायचा नाही. मे-जूनमध्ये मुंबईत भेटीची वेळ मिळवताना काय होतं हे सुट्टीत युरोपला गेलेल्या कोणालाही विचारा.

एक वर्ष थांबून सिडनी

२२ जुलै २०२८, शनिवार, आणि पुन्हा दिव्यांची अवस. सावली ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्लीत शिरून तिरकी उतरते आणि थेट सिडनीवरून जाते. किंबर्लीत कमाल ५ मिनिटं १० सेकंद, सिडनीत पावणेचार मिनिटांच्या थोडं वर, दुपारी दोनच्या सुमारास. तिथे तेव्हा हिवाळा. स्वेटर घालून बागेत बसून पाहायचं ग्रहण. चाळीस अंशांत आई-वडिलांना नेण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी माझं उत्तर हेच. शिवाय सिडनीत भाचा, पुतणी, मुलीची मैत्रीण असं कोणीतरी निघतंच.

आभाळाचा भरवसा लक्झरइतका नाही. समुद्राकाठी हिवाळ्यातही ढग येतात. डोंगर ओलांडून आत, मजी-डबोच्या बाजूला गेलं तर आशा वाढते. सर्वांत निरभ्र किंबर्ली, कारण तिथे तो कोरडा ऋतू, पण तिथवरचा प्रवास वेगळाच आणि महागडा. न्यूझीलंडमध्ये डनेडिनला सूर्य कलायला लागलेला आणि हिवाळी ढग, त्यामुळे फक्त ग्रहणासाठी मी तिथे जाणार नाही.

२०२६चं ग्रहण मी या तुलनेत धरलेलं नाही. आइसलँड आणि स्पेन, कमाल २ मिनिटं १८ सेकंद, आणि स्पेनमध्ये सूर्य मावळतीला टेकलेला.

"भारतात होईल तेव्हा बघू"

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते. २० मार्च २०३४ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, खग्रास पट्टा जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या काही भागांतून जातो. मार्चमधले डोंगर, बर्फ, सूर्य पश्चिमेला कललेला, समोर शिखरं. जाण्याची इच्छा मलाही आहे, पण आयुष्यातलं एकच ग्रहण पाहायचं तर मी ते त्या आभाळावर सोडणार नाही. त्याआधी २१ मे २०३१ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती दिसेल. ते जरूर पाहा, मात्र खग्रासऐवजी म्हणून नको. कंकणाकृतीत सूर्याची कडा उरतेच, आणि ती उरली की प्रभामंडळ नाही.

मिनिटांच्या मागे लागलेल्यांना मी विजयदुर्गची गोष्ट सांगते. हेलियमचा शोध लावणाऱ्यांतला नॉर्मन लॉकियर १८९८च्या २२ जानेवारीला तिथे आला होता. इंग्लंडहून बोटीने, पेट्या भरून दुर्बिणी घेऊन, जेमतेम दोन मिनिटांच्या खग्राससाठी. त्याच दिवशी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरकडे जेऊरला होते. कोकणातला आणि देशावरचा जानेवारी, स्वच्छ आभाळ, आणि दोघांनाही त्या दोन मिनिटांत वर्णपट टिपता आला. सुरतेत माझ्याकडे तीन मिनिटं होती.

म्हणून माझा कौल असा. तब्येत ठणठणीत असेल आणि ग्रहण हाच मुख्य हेतू असेल तर लक्झर, दुसरा विचार नको. शाळेतली मुलं आणि सहलीची हौस बरोबर असेल तर काडीझ. सत्तरीपुढचे आई-वडील असतील तर एक वर्ष थांबून सिडनी. रजा तीनच दिवसांची असेल तर जेद्दा.

कुठेही गेलात तरी ग्रहणाचे चष्मे इथूनच घ्या, आयएसओ १२३१२-२ छापलेले, आणि घेतल्यावर दिव्यासमोर धरून ओरखडे तपासा. २००९चे कपाटात असतील तर टाकून द्या. एक्स-रेची फिल्म, काळी काच, गॉगल, काहीही चालत नाही. फक्त पूर्ण खग्रासच्या मिनिटांत चष्मा काढायचा, आणि संपताना कडेला सूर्याचा पहिला ठिपका हिऱ्यासारखा चमकला की लगेच परत लावायचा. फोटो दुसऱ्यांना काढू द्या. पहिल्या ग्रहणात कॅमेऱ्याशी झटापट करण्यात तीन मिनिटं घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

आमच्या घरी लक्झर ठरलं आहे. आई एकाहत्तर वर्षांची आहे, माझ्याच सल्ल्याप्रमाणे तिने सिडनीसाठी थांबायला हवं होतं. पण २००९ला ती सुरतेत माझ्या शेजारी उभी होती आणि आणखी एक वर्ष थांबायला ती तयार नाही. डॉक्टरांना विचारून झालं, खोली गच्चीच्या लगतच्या मजल्यावर मागितली आहे. तिचा एकच प्रश्न होता, दिव्यांच्या अवसेला दिवे कुठे लावायचे. पितळेचं लहान निरांजन आणि फुलवाती चेक-इनच्या बॅगेत जातील, काडेपेटी तिथेच विकत घेऊ. ग्रहण सुटल्यावर संध्याकाळी, नाईलकडच्या खिडकीत.