फ्रिज झकास, पण ती पिन!

गाडीत ठेवायचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यायला निघालेल्यांना लिटर, वॅट, वजन सगळं पाठ असतं, त्यामुळे ते उगाळत नाही. मला बोलायचंय ते पिनेबद्दल. सिगरेट लायटरच्या सॉकेटात खुपसायची ती प्लास्टिकची पिन. राक्षसाचा जीव पोपटात, तसा या हजार डॉलरच्या फ्रिजचा जीव तिच्यात आहे.

अ‍ॅडलेडमध्ये आणि फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांतल्या वीकेंडांना तक्रारीला जागा नव्हती. जुलैत साउथ ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातल्या ऊडनाडाटा ट्रॅकवर गेलो आणि पितळ उघडं पडलं. मारी ते मार्ला सुमारे ६२० किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता. जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो, ती लाइन १९८० मध्ये बंद झाली. रस्त्यावरचं कॉरुगेशन, म्हणजे पत्र्यासारख्या आडव्या लाटा, ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. टायरची हवा ४० वरून २८ पीएसआयवर आणली, दातांची कडकड थांबली, पिनेची नाही. थोड्या वेळाने ती हळूच बाहेर येते, फ्रिज बंद, आणि बीपसुद्धा नाही! कर्डिमर्काच्या ओसाड स्टेशनापाशी थांबलो, बायकोने दह्याचा डबा काढला आणि म्हणाली, "अहो, हे कोमट लागतंय." आत १६ अंश. चिकन कावर्ड स्प्रिंग्जच्या मुक्कामाला त्याच संध्याकाळी शिजवून संपवावं लागलं.

मग केबल टाय, चिकटपट्टी, टॉवेलची घडी. पिन बसली घट्ट, तरी दुसऱ्या दिवशी फ्रिज व्होल्टेज कमी म्हणून बंद! बॅटरी तर ठणठणीत. कारण असं, की डिकीतल्या सॉकेटपर्यंत कंपनीने घातलेली वायर बारीक असते. कॉम्प्रेसर सुरू झाला की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. बॅटरी प्रोटेक्शन (किती व्होल्टेजला फ्रिजने बंद व्हायचं ते सेटिंग) 'हाय'वरून 'लो'वर केलं, तेव्हा चालू झाला. गाडीच्या एकुलत्या बॅटरीवर हे रात्रभर करू नका, सकाळी गाडी सुरू होणार नाही.

त्यापुढे मात्र फ्रिजवर खूश. जुलै म्हणजे इथला हिवाळा, रात्री एवढ्या गार, की कॉम्प्रेसर क्वचितच चालायचा. वाटेतल्या विल्यम क्रीकला लोक बर्फाच्या पिशव्या विकत घेत होते, मी ताक पीत बसलो. ऊडनाडाटा गावात जानेवारी १९६० मध्ये ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. तिथे उन्हाळ्यात याची परीक्षा घ्यायची मला हौस नाही.

नंतरची भर: परत आल्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड केबल, बॅटरीजवळ फ्यूज आणि अँडरसन प्लग (जास्त करंटचा, घट्ट बसणारा) घालून घेतला. पैसे टोचले, पण पुढच्या फेऱ्यांत एकदाही बंद नाही. म्हणून आधी मनात दिलेले दोन तारे आता चार. पाचवा पिनेने खाल्ला.

दुकानाला मेल केला. उत्तर आलं, पिन झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. मी ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ काढला. वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाला ती चालली पाहिजे, हा हक्क दुकानाच्या वॉरंटीपलीकडचा आहे. खोक्यावर तर लाल मातीतली फोर व्हील ड्राइव्ह छापलीय! बरेच मेल झाले, शेवटी त्यांनी फुकट नवी पिन पाठवली. तीच, तश्शीच. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, टपालखर्च तुमचा.