पोर्टेबल मॉनिटर घेताय? सुरुवात लॅपटॉपच्या पोर्टपासून करा

पोर्टेबल मॉनिटरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत रिझोल्यूशन छापलेलं असतं. निवड मात्र तिथून सुरू करू नये. चित्र आणि वीज एकाच केबलमधून हवी असेल तर लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', म्हणजे त्याच पोर्टमधून चित्र पाठवण्याची सोय, असावा लागतो. थंडरबोल्ट ३ आणि ४ या यूएसबी-सीच्याच आकाराच्या वेगवान पोर्टांमध्ये तो असतोच. स्वस्तातल्या अनेक लॅपटॉपवर मात्र हे पोर्ट डेटा आणि चार्जिंगपुरतंच असतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. त्यामुळे कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये आपल्या नेमक्या मॉडेलपुढे 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द सापडतो का ते बघा. नसेल तर एचडीएमआय वापरावं लागेल. त्यातून मॉनिटर चालेल एवढी वीज येत नाही, म्हणजे दुसरी केबल आली. शिवाय मॉनिटरच्या बाजूला बहुधा मिनी एचडीएमआय असतं. सोबत आलेली केबल हरवली तर घरातली नेहमीची केबल तिथे बसणार नाही.

फोनच्या चार्जरची सी-टू-सी (दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली) केबल लावून 'नो सिग्नल' आलं, तर मॉनिटरला दोष देऊ नका. या केबल बहुतेक यूएसबी २.० च्या असतात. चार्जिंग होतं, चित्र जात नाही.

दुसरा मुद्दा विजेचा, आणि बहुतेक त्रास इथेच होतो. १५.६ इंची फुल एचडी मॉनिटर साधारण ८ ते १० वॅट घेतो. यूएसबी-सी पोर्ट ५ व्होल्टवर ३ अँपिअर देत असेल तर १५ वॅट मिळतात आणि प्रश्न येत नाही. दीडच अँपिअर देत असेल तर साडेसात वॅट. मग ब्राइटनेस वाढवला की स्क्रीन काळी होते, लोगो येतो, पुन्हा काळी होते. हा पॅनेलचा बिघाड नसतो, वीज कमी पडत असते. मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला चार्जर लावला की ते थांबतं. लॅपटॉपच्या बॅटरीचाही हिशोब करून ठेवा: ५० वॅट-तासांची बॅटरी ८ वॅट वापरणाऱ्या लॅपटॉपला सहा तास पुरते, तेवढंच खाणारा मॉनिटर जोडला की तीन. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास. रूपांतरातली गळती धरून मॉनिटर एकटा सहा तासांच्या आसपास चालेल.

म्हणूनच प्रवासासाठी दोन यूएसबी-सी पोर्टं आणि पास-थ्रू चार्जिंग (चार्जर मॉनिटरला लावायचा आणि त्यातूनच लॅपटॉपही चार्ज व्हायचा) ही माझी पहिली अट. लेनोव्होच्या थिंकव्हिजन एम१४ मध्ये ही रचना नीट जमली आहे. दोन्ही कडांना एकेक पोर्ट आहे, त्यामुळे लॅपटॉप डावीकडे असो वा उजवीकडे, केबल टेबलभर फिरवावी लागत नाही. ६५ वॅटचा चार्जर मॉनिटरला लावला तरी लॅपटॉपपर्यंत पूर्ण ६५ पोहोचत नाहीत हे लक्षात ठेवा. मॉनिटर आपला वाटा आधी काढून घेतो. जड लॅपटॉपला त्यासाठी मोठा चार्जर लागेल. एम१४ ला एचडीएमआय नाही, त्यामुळे ऑल्ट मोड नसलेल्यांनी या मॉडेलकडे वळूच नये.

आसुसचा झेनस्क्रीन एमबी१६एसी मोठा, १५.६ इंची, ७८० ग्रॅमचा. त्याला एकच यूएसबी-सी पोर्ट, म्हणजे पास-थ्रू नाही. घडीच्या कव्हरचंच स्टँड होतं. कोपऱ्यातल्या भोकात पेन खोचून स्क्रीन उभी करण्याची युक्ती मात्र खरंच कामाची आहे. अशा चुंबकी कव्हरांचा दोष एकच: गुळगुळीत टेबलावर ती घसरतात आणि कोन दोन-तीनच मिळतात. रेल्वेच्या हलत्या टेबलावर एम१४ सारखा बिजागरीचा पाय कितीतरी भरवशाचा. वजनाची तुलना करताना कव्हर धरून करा, जाहिरातीतला आकडा बहुधा त्याच्याशिवायचा असतो.

पॅनेलच्या बाबतीत '४५% एनटीएससी' (पॅनेल किती रंग दाखवू शकतं याचं माप) दिसलं की रंग फिके असणार, फोटोच्या कामाला ते चालणार नाही. '१००% एसआरजीबी' शोधा, म्हणजे संगणकावरच्या नेहमीच्या रंगांचा पूर्ण पट्टा दिसतो. २५० निट (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) खोलीत पुरतात, खिडकीशेजारी ३०० सुद्धा कमी वाटतात. एवढ्या उजेडावर 'एचडीआर'च्या (उजळ आणि गडद भागांतला फरक ठळक दाखवण्याच्या) शिक्क्याला अर्थ नाही. कोड आणि दस्तऐवजांसाठी १६:१० (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) ची स्क्रीन घ्या, उभ्या दिशेला वाढलेल्या ओळी रोज उपयोगी पडतात. १५.६ इंचांवर ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) मला वाया वाटतं: अक्षरं वाचण्यासाठी स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवावं लागतं आणि बॅटरी जास्त जाते.

एम१ किंवा एम२ चिपच्या मॅकबुक एअरला एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. दुसरा हवा असेल तर डिस्प्लेलिंक अडॅप्टर (यूएसबीतून चित्र पाठवणारा) आणि त्याचं ड्रायव्हर लागतं, आणि त्यावर संरक्षित (कॉपी न करता येणारे) व्हिडिओ अनेकदा काळे दिसतात.

मॉनिटर हातात आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी पूर्ण स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल तपासा. मग ब्राइटनेस पूर्ण करून, चार्जर न लावता, अर्धा तास चालू ठेवा. त्यानंतर दोन्ही पोर्टांमध्ये केबल हलकेच हलवा. चित्र तुटत असेल तर केबल बदलून पाहा, तरीही तुटलं तर परत करा.