गल्लीतल्या मुलाची गवतकापणी: पस्तीस डॉलर रास्त आहेत का?

न्यू जर्सीत एप्रिलपासून ऑक्टोबर संपेपर्यंत घरापुढचे गवत वाढतच राहते आणि ते फार माजू दिले तर अनेक गावांत नगरपालिकेची नोटीस येते. आमच्याकडे हे काम गेल्या मोसमापासून गल्लीतलाच अकरावीत शिकणारा एक मुलगा करतो आणि एका खेपेचे 35 डॉलर घेतो. त्याच्या कामाबद्दल एक बाब सोडता माझी तक्रार नाही. दराबद्दल मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या मंडळींत ‘पोरगाच तर आहे, वीस दिले तरी खूप झाले’ असे म्हणणारे कमी नाहीत.

आमची जागा पाव एकराची, म्हणजे सुमारे 10,890 चौरस फुटांची आहे. घर, ड्राइव्हवे आणि मागचा कट्टा वगळता साधारण निम्म्या जागेत गवत आहे. तो स्वतःचे 21 इंची ढकलायचे यंत्र आणतो, पाते तीन इंचांवर ठेवतो आणि एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापत नाही. पात्याला धार नसली की गवत कापले जाण्याऐवजी फाटते आणि एक-दोन दिवसांत शेंडे पांढुरके दिसू लागतात. त्याने कापलेल्या गवताचे शेंडे वाकून पाहिले तर सरळ कापलेले दिसतात. कापलेले गवत तो बारीक करून तिथेच पसरू देतो, त्यामुळे त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. चाकांचे चर पडू नयेत म्हणून दर खेपेला दिशा बदलतो. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात गवताची वाढ मंदावली, की ‘या आठवड्यात कापायची गरज नाही’ असे तोच कळवतो आणि स्वतःच्या 35 डॉलरांवर पाणी सोडतो, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तक्रार आहे ती ट्रिमरची, म्हणजे कडेचे गवत फिरत्या दोरीने कापणाऱ्या यंत्राची: त्याच्या दोरीने मेपलच्या कोवळ्या खोडाची साल एका बाजूने सोलली गेली. आता तो खोडाभोवती वीतभर गवत सोडतो आणि तेवढे मी कात्रीने कापतो.

सुरुवातीला त्याने तासाला 15 डॉलर सांगितले होते. ताशी दरात हात बसलेल्या मुलाचे नुकसान होते, कारण पूर्वी दीड तास लागणारे काम आता तो पाऊण तासात उरकतो. म्हणून मीच त्याला खेपेचा दर ठरवायला लावला. पाऊण तासाचे 35 डॉलर हे 2025 मधील न्यू जर्सीच्या 15.49 डॉलर किमान वेतनापुढे भरघोस दिसतात. पण त्यातून पेट्रोल, तेल, ट्रिमरची दोरी, पात्याची धार आणि यंत्राची झीज वजा करा, पावसाने बुडालेले शनिवार धरा, म्हणजे तो आकडा बराच जमिनीवर येतो. यंत्र आणि पेट्रोल आपले असेल, तर अशाच आकाराच्या जागेसाठी 20 ते 25 डॉलर पुरेसे आहेत. मुलांच्या आईवडिलांनी एक लक्षात ठेवावे: खर्च वजा जाता वर्षाची कमाई 400 डॉलर किंवा त्याहून अधिक झाली, तर वय लहान असले तरी स्वयंरोजगाराचा कर लागू होतो.

याच जागेसाठी एका कंपनीने आम्हाला 50 डॉलर सांगितले होते. त्यांच्याकडे विमा असतो. पात्याखालून खडा उडून शेजाऱ्याच्या गाडीची काच फुटली तर भरपाई मागायला जागा असते. मुलाकडे तशी सोय नाही, त्यामुळे 15 डॉलरांचा फरक मला योग्य वाटतो. त्यानेही 50 मागितले असते, तर मी कंपनीलाच बोलावले असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या मते ढकलायचे यंत्र चालवायला किमान 12 आणि बसून चालवायच्या यंत्राला किमान 16 वर्षांचे वय हवे. हा मुलगा बंद बूट, गॉगल आणि कानांवर संरक्षक लावल्याशिवाय यंत्र सुरू करत नाही. नवव्या-दहाव्या वर्षाच्या मुलाला कितीही स्वस्तात मिळाले तरी हे काम देऊ नये.

उताराची जागा किंवा सुट्टीवरून परतल्यावर गुडघाभर वाढलेले गवत यांसाठी तो दीडपट घेतो, आणि ते बरोबर आहे; असे गवत आधी उंचावरून आणि मग खालून, दोनदा कापावे लागते. नोव्हेंबरमधल्या पानगळीचा दर मात्र त्याला अजून जमलेला नाही. पाने गोळा करून पिशव्या भरायला त्याची अख्खी दुपार गेली आणि त्याने 40 डॉलर मागितले. मी 70 दिले आणि पुढल्या वर्षी हे काम पिशवीच्या हिशेबाने घ्यायला सांगितले. काम हवे असल्यास बुधवारपर्यंत निरोप द्यावा. मे महिन्यात त्याचे शनिवार लवकर भरतात.