फिरायला एकट्यानं जावं की ग्रुपबरोबर?

साठी-सत्तरीनंतरच्या चालण्यासाठी माझं मत ग्रुपच्या बाजूनं आहे, पण सरसकट नाही.

एकटं चालण्यात वेग आपला, वेळ आपली. गुडघा कुरकुरला तर थांबावं, बरं वाटलं तर आणखी एक फेरी मारावी. पण पावसाळी सकाळी ‘आज राहू दे’ म्हणायलाही कुणाला विचारावं लागत नाही, आणि खाडे तिथूनच सुरू होतात.

आता दादरच्या शिवाजी पार्कला सकाळी बघा. मैदानाभोवतीचा कट्टा, गटागटानं चालणारे आजी-आजोबा. एखादे काका दोन दिवस दिसले नाहीत की तिसऱ्या दिवशी फोन जातो, ‘काय हो, बरं आहे ना? उद्या येताय ना?’ त्या एका फोनपायी माणूस बुटाच्या नाड्या बांधतो. जोडीदार गेल्यानंतर घरात बसून राहिलेल्यांना तर हा फोन फार मोलाचा.

अडचण एवढीच, की गप्पा रंगल्या की पाय थांबतात. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. कट्ट्यावर बसलेली मिनिटं त्यात धरता येत नाहीत. म्हणून आधी फेऱ्या, मग चहा. आणि सोबती आपल्याच चालीचा बघावा, नाहीतर मागे राहणाऱ्याची फरफट होते.