गाठ खरंच कमी झाली होती

बाबांच्या मानेतली गाठ त्या पुडीने खरोखरच कमी झाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आम्ही फसलो ते तिथेच.

सुईच्या तपासणीत लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, संशय आला होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर भागणार नाही, अख्खी गाठ काढून बायोप्सी करू. लिम्फोमाचे साठहून जास्त प्रकार आहेत. नेमका कोणता ते कळल्याशिवाय केमो ठरत नाही. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "कापलं की पसरतं", आणि बाबांनी तेच धरून ठेवलं.

मग आत्याच्या ओळखीतून तो पुडी देणारा माणूस आला. आमची फाईल इतक्या निवांतपणे तोवर कुणी वाचलीच नव्हती. ओपीडीत पाच मिनिटं मिळायची, त्याने दीड तास दिला. बरे झालेल्या दोन पेशंटांशी बोलणंही करून दिलं, पण त्याच्याच फोनवरून. तेव्हा खटकलं नाही. "शुद्ध वनस्पती आहे, साइड इफेक्ट शून्य. फक्त डॉक्टरांना सांगू नका, त्यांना आवडत नाही." पुडीवर ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर. पैसे रोख, पावती नाही.

चौथ्या दिवशी बाबांनी मागून वाढून घेतलं. ताप गेला. पंधरवड्यात लिंबाएवढी गाठ सुपारीएवढी झाली. बायोप्सी मीच फोन करून रद्द केली. एकटी ताई विरोधात होती. तिला मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

सहाव्या आठवड्यात चेहरा सुजला, झोप उडाली, कधी नव्हे ती शुगर वाढली. घाबरून पुडी बंद केली, तर दोन दिवसांत उलट्या, बीपी खाली, उठवेना. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही चालू आहे?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी "नाही" म्हणालो. ताईने पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली.

लॅबमध्ये तपासली, तर आत डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड. ते भूक वाढवतं, ताप आणि दुखणं दाबतं, लिम्फोमाच्या पेशी काही काळ मारतंसुद्धा. पण एकट्या त्याने रोग जात नाही. रोज बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं, म्हणून एकदम सोडल्यावर बाबा कोसळले. मग तेच औषध मोजून सुरू करून हळूहळू उतरवावं लागलं. आणखी एक गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती: बायोप्सीआधी स्टेरॉइड पोटात गेलं, तर नमुन्यात ओळखता येण्याजोग्या पेशीच सापडेनाशा होऊ शकतात. नंतर बायोप्सी केली, तर आमचा रिपोर्ट तसाच आला, निष्कर्ष नाही. गाठ पुन्हा वाढेपर्यंत वाट पाहिली आणि बाबांना दुसऱ्यांदा कापलं.

त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मध्येच सोडलीत ना? म्हणून झालं." त्यानंतर त्याचा नंबर बंद.

आता केमो चालू आहे. दर फेरीत पाच दिवस प्रेडनिसोलोन असतं, पुडीतल्याच जातीचं, फक्त मोजून आणि नाव लिहून दिलेलं. फाईल ताईकडे असते आणि घरात काय काय पोटात जातं त्याची वहीही तिच्याचकडे. बाबा मात्र अजून म्हणतात, त्या पुडीने भूक काय छान लागायची.