काकांच्या डब्यातली काळी रिंग आणि "फुकट बघून देणारा" दुकानदार

घरात जुन्या कॅमेऱ्याचं, लेन्सचं काही सुटं सामान पडलं असेल आणि ते नक्की काय आहे हे कळत नसेल तर कृपा करून एक करू नका. जो माणूस ते विकत घेऊ शकतो त्यालाच "हे काय आहे हो" असं विचारू नका. माझ्या काकूला असंच विचारल्यावर व्यवस्थित लुटलंय, आणि लुटणाऱ्याचं दुकान अजून मस्त चालू आहे, म्हणून सगळं लिहितोय.

काका कोल्हापूरला फोटोग्राफर होते. लग्नं आणि शाळांचे ग्रुप फोटो यावर घर चालायचं, आणि स्वतःच्या हौसेसाठी एक लायका थ्री एफ होता, ५० मिमी एल्मार लेन्सवाला. काका गेल्यावर काकूनं तो मला दिला पण डार्करूमचं सामान कपाटात तसंच राहिलं. त्यात बिस्किटाच्या डब्यात दोन वस्तू होत्या, एक काळी धातूची रिंग, बाहेरून एफचे आकडे (लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणारे) कोरलेले आणि आत काचच नाही, आणि दुसरी क्रोमची छोटीशी नळी, तिला खाली सरकवून बसवायचा पाय. कॅमेऱ्याचं असेल तर मला पुण्याला पाठवून देऊ म्हणून काकूनं एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात चौकशी केली, तर तो म्हणाला मी घरी येऊन फुकट बघून देतो.

आला, चहा घेतला, रिंग हातात फिरवली आणि म्हणाला, "मावशी, लेन्स म्हटलं की काच पाहिजे, ह्यात काचच नाही. एनलार्जरचं तुटकं कडं आहे हे, भंगारात जाईल." (एनलार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो कागदावर पाडायचं यंत्र.) नळी उजेडाला धरून म्हणाला आत फंगस भरलंय. तरी दुकानात नीट चेक करतो म्हणून दोन्ही घेऊन गेला आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज, "दोन्ही खराब आहे, स्पेअरला वापरीन, ४०० देतो." काकू हो म्हणाली, त्यानं लगेच पैसे पाठवले.

पुढे मी ऑनलाइन जुन्या लायकाचं सामान बघत होतो तर तीच रिंग समोर. आतल्या कडेला सुईनं ओरखडलेलं "वि" फोटोत स्पष्ट दिसत होतं. काकांच्या प्रत्येक वस्तूवर ते असायचं, कारण लग्नात चार फोटोग्राफर एकत्र आले की सामान एकमेकांकडे जायचं. खाली लिहिलेलं "लाइट्झ वालू, एल्मारसाठी, दुर्मिळ" (लाइट्झ म्हणजे लायका बनवणारी कंपनी), किंमत ८,५००. शेजारीच ती नळी, १६,००० ला, आणि वर्णनात "काच एकदम स्वच्छ, फंगस नाही". म्हणजे काकूसमोर बसून तो धडधडीत खोटं बोलला होता.

आता ही वालू काय चीज आहे ते सांगतो, कारण तिच्यात काच नसते याचाच त्यानं फायदा घेतला. जुन्या ५० मिमी एल्मारचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, लहानमोठं करायला लेन्सच्या अगदी तोंडावर, आतल्या बाजूला एक बारीकशी दांडी असते, ती नखानं सरकवावी लागते. त्या काळात लाइट्झच्या एनलार्जरला कॅमेऱ्याचीच एल्मार काढून लावता यायची, दोन्हीकडे आटे ३९ मिमीचेच. पण मग लेन्सचं तोंड खाली कागदाकडे आणि खोलीत अंधार, ती दांडी सापडणार कशी? वालू लेन्सच्या तोंडावर बसते, तिची खाच दांडीला पकडते आणि बाहेरचं कडं फिरवलं की अ‍ॅपर्चर फिरतं, आकडे बाहेरून वाचता येतात. कॅमेऱ्यावर लावली तर हूड (लेन्सवर बाजूचा उजेड येऊ न देणारं कडं) म्हणूनही चालते, त्यामुळे अजून गिऱ्हाईक आहे. एनलार्जरचं म्हणाला ते अर्धं खरं होतं, आणि अशी अर्धी खरी माहितीच जास्त घातक, कारण ऐकणाऱ्याला वाटतं माणूस जाणकार आहे.

नळी म्हणजे ५० मिमीचा ब्राइटलाइन फाइंडर, फोटोत काय येईल ते डोळा लावून बघायचं साधन, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या शूमध्ये (खाचेत) बसतो. थ्री एफचा स्वतःचा फाइंडर अगदी बारीक भोक आहे, आणि ह्यातून बघताना दुसराही डोळा उघडा ठेवला की समोरच्या दृश्यावर उजळ चौकट तरंगताना दिसते. काका मिरवणुकीचे फोटो असेच काढायचे.

मी फोन केला तर म्हणे मावशींनी राजीखुशीनं विकलंय, आणि ब्लॉक केलं. मग काकूला घेऊन पोलिसात तक्रार अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, आधीचं ४२०. व्हॉट्सॲपचा मेसेज, पैसे आल्याची नोंद आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब झाली, म्हणून स्क्रीनशॉट आधी काढा आणि फोन नंतर करा.

अनोळखी वस्तू हातात आली की आधी व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरनं) माप घ्या. ३६ मिमीच्या तोंडावर दाबून बसणारं काही असेल तर जुन्या लाइट्झ लेन्सचं असण्याची शक्यता भरपूर. ३९ मिमी आटे म्हणजे लगेच लायका असं मात्र नाही, सुरुवातीच्या रशियन झेनिटलाही ३९ च होते. ४२ मिमीच्या आट्यांमध्ये पण दोन प्रकार, प्रॅक्टिका-पेंटॅक्सच्या आट्यांमधलं अंतर १ मिमी आणि टी माउंटच्या (वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना लेन्स जोडायच्या अडॅप्टरच्या) आट्यांमधलं ०.७५ मिमी. यॅशिका किंवा रोलायच्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याच्या क्लोजअप काचा जोडीनं येतात, बघायच्या लेन्सची वेगळी आणि फोटोच्या लेन्सची वेगळी, "एकच चांगली आहे, दुसरी राहू दे" म्हणणाऱ्याला एकटी देऊ नका. वस्तू तपासायला म्हणून नेऊ देऊच नका, न्यायचीच असेल तर कोरलेल्या अक्षरांचे, ओरखड्यांचे फोटो आणि हातची पोच घेऊन मग द्या.

आणि रिकाम्या डब्या फेकू नका. लाइट्झ प्रत्येक वस्तूला तारेनं ऑर्डर देता यावी म्हणून पाच अक्षरी नाव द्यायचे, वालू (इंग्रजीत VALOO) हे तसलंच नाव, आणि ते खोक्यावर छापलेलं असायचं. काकूच्या कपाटात मागच्या फळीला वालूची लाल डबी निघाली, आत काकांच्या अक्षरात चिठ्ठी, "एल्मारची, एनलार्जरला". ती डबी आणि चिठ्ठी आता तक्रारीला जोडायला पाठवलीये.